महिला गटातली पात्रता आणि आंतरलिंगी खेळाडू: गोव्यातले प्रशिक्षक, पीई शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुलीचे केस बारीक, आवाज जरा जाड, आणि शेवटच्या वळणावर ती बाकीच्यांच्या दहा मीटर पुढे. मैदानाबाहेर कुजबुज सुरू व्हायला एवढे पुरते. खालचे प्रश्न त्या कुजबुजीतूनच आलेले आहेत. नियम प्रामुख्याने ॲथलेटिक्सचे दिले आहेत, कारण या विषयाचा जवळजवळ सगळा कज्जा त्याच खेळात लढला गेला.

आंतरलिंगी म्हणजे नक्की कोण? तृतीयपंथी आणि हे एकच का?

एकच नाही. शरीराचे लिंग चार टप्प्यांत घडते: गुणसूत्रे, मग ग्रंथी (अंडाशय की वृषण), मग त्या ग्रंथींचे हार्मोन, आणि त्यांच्यामुळे आतून-बाहेरून घडणारी इंद्रिये. बहुतेकांच्या बाबतीत चारही टप्पे एकाच वाटेने जातात. काहींच्या बाबतीत मध्येच कुठेतरी वाट बदलते. त्याला डॉक्टर डीएसडी म्हणतात, म्हणजे लैंगिक विकासातले वेगळेपण. हे जन्मतःच असते. मुलगी म्हणून जन्मनोंद झालेली, मुलगी म्हणूनच वाढलेली, स्वतःला मुलगीच मानणारी व्यक्ती वयात येईपर्यंत किंवा पहिली मोठी तपासणी होईपर्यंत बऱ्याचदा यातले काहीच जाणत नसते. पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, व्यक्तीचा प्रश्न निराळा. तिथे जन्मनोंदीचे लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही. दोन्हींचे क्रीडानियमही वेगवेगळे लिहिले गेले आहेत. वर्तमानपत्री मथळे दोन्ही एकाच पोत्यात घालतात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मग खेळात अडचण कसली?

महिलांचा वेगळा गट का आहे, याचे उत्तर विक्रमांत आहे. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, महिलांचा १०.४९, फरक साडेनऊ टक्के. ८०० मीटरला १:४०.९१ आणि १:५३.२८, फरक बारा टक्क्यांच्या वर. गट एकच ठेवला तर अंतिम फेरीत एकही बाई दिसणार नाही.

या फरकाचे मोठे कारण म्हणजे वयात येताना वृषणांतून येणारे टेस्टोस्टेरॉन. स्नायू वाढतात, हाडे लांब आणि जाड होतात, रक्तातले हिमोग्लोबिन पुरुषांत सरासरी बारा टक्के जास्त राहते. जागतिक ॲथलेटिक्स संघटना स्त्रियांची नेहमीची पातळी ०.१२ ते १.७९ नॅनोमोल प्रति लिटर धरते आणि वयात आलेल्या पुरुषांची ७.७ ते २९.४. मधली जागा जवळपास रिकामी आहे. काही आंतरलिंगी खेळाडूंचे आकडे पुरुषांच्या पट्ट्यात पडतात आणि त्यांचे शरीर त्या टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादही देते. वाद आहे तो एवढ्यांपुरता.

सगळ्याच डीएसडी या वादात येतात का?

नाही, आणि हे उत्तर सावकाश वाचावे. पालक इथेच घाबरतात आणि प्रशिक्षक इथेच चुकीचा सल्ला देतात.

वाद मुख्यतः एक्स-वाय गुणसूत्रे आणि पोटात किंवा जांघेत वृषणे असलेल्या अवस्थांचा आहे. फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज या विकराची कमतरता असेल तर गर्भात बाह्य इंद्रिये पुरुषाची घडत नाहीत, बाळ मुलगी म्हणून नोंदले जाते. पण वयात येताना टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकेच वाढते आणि काम करते. १७-बीटा-एचएसडी-३ या विकराच्या कमतरतेतही साधारण असेच घडते. तिसरी अवस्था अँड्रोजेनला, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनना, अर्धवट प्रतिसाद देणारी. तिथे शरीराने किती उचलले हे प्रत्येकीत वेगळे.

अँड्रोजेनला अजिबात प्रतिसाद न देणारी अवस्थाही असते. गुणसूत्रे एक्स-वाय, रक्तातले टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण पेशींना ते वाचताच येत नाही. कुलूप नाही तिथे किल्ल्यांचा जुडगा काय कामाचा! अशा मुलीला टेस्टोस्टेरॉनचा काडीचाही फायदा नाही, आणि म्हणूनच आजच्या नियमातही तिला सवलत आहे. स्वायर सिंड्रोममध्ये गुणसूत्रे एक्स-वाय असली तरी ग्रंथी घडलेल्याच नसतात, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन तयारच होत नाही.

दुसऱ्या टोकाला एक्स-एक्स गुणसूत्रांच्या मुली. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीत, म्हणजे डॉक्टर ज्याला सीएएच म्हणतात त्यात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जास्त अँड्रोजेन सोडतात. ही अवस्था २०१८ च्या नियमाच्या यादीत होती, २०१९ मध्ये काढून टाकली. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, तर या यादीत कधीच नव्हता.

सध्याचा नियम काय आहे?

नियम वारंवार बदलला. २०११ मध्ये टेस्टोस्टेरॉनची मर्यादा १० नॅनोमोल होती. २०१५ मध्ये क्रीडा लवादाने, म्हणजे खेळातले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळाने, तो नियम स्थगित केला. २०१८ मध्ये ५ नॅनोमोलचा नवा नियम आला. तो मे २०१९ पासून लागू झाला, पण फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींना, आणि पातळी सहा महिने ५ च्या खाली ठेवण्याची अट होती. ३१ मार्च २०२३ पासून मर्यादा २.५ झाली, मुदत २४ महिने, आणि सगळ्या प्रकारांना लागू.

१ सप्टेंबर २०२५ पासून दिशाच पालटली. महिला गटात खेळायचे असेल तर आयुष्यात एकदा वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची चाचणी द्यायची. गालाच्या आतून काडी फिरवून किंवा रक्त घेऊन. जनुक नसेल तर विषय मिटला. असेल तर पुढची वैद्यकीय तपासणी, आणि वर सांगितलेली पूर्ण-असंवेदी अवस्था निघाली तर मोकळीक. आधीच्या नियमाप्रमाणे औषध घेऊन खेळणाऱ्यांसाठी संक्रमणाची तरतूद ठेवली आहे. त्या महिन्यात टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेपासून अंमलबजावणी सुरू झाली. जी मुलगी चाचणी नाकारते किंवा जनुकामुळे अपात्र ठरते, तिला जागतिक क्रमवारीत न धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत खेळता येते.

एक गंमत अशी की फ्रान्समध्ये वैद्यकीय कारणाशिवाय जनुकचाचणी करायला कायद्याची मनाई आहे. त्यामुळे तिथल्या खेळाडूंना चाचणीसाठी देशाबाहेर जावे लागले.

आमची मुलगी तालुका पातळीवर धावते. तिला चाचणी लागेल का?

नाही. पेडे-म्हापशाला आंतरशालेय स्पर्धा असो की बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर राज्य निवड चाचणी, प्रवेशासाठी कागद लागतात ते जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड आणि आधार. लिंगाचा पुरावा म्हणजे जन्मदाखल्यावरचा रकाना. त्यापलीकडे काही मागायचा अधिकार आयोजकाला नाही.

प्रश्न सुरू होतो तो मुलगी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पदकाच्या जवळ येते तेव्हा. तिथल्या काही स्पर्धा जागतिक क्रमवारीत धरल्या जातात आणि भारतीय संघ त्यातूनच निवडला जातो. त्यामुळे राष्ट्रीय शिबिराची शक्यता दिसू लागली की राज्य संघटनेमार्फत भारतीय ॲथलेटिक्स महासंघाला लेखी विचारावे: या स्पर्धेला चाचणी लागू आहे का, नमुना कुठे द्यायचा, निकाल कुणाकडे जातो. तोंडी उत्तरावर विसंबू नये. व्हिसा आणि विमानाच्या तिकिटानंतर हे कळले तर मुलीला ऐन वेळी संघातून गळावे लागते, आणि मग का गळली हे सगळे गाव विचारते.

समोरच्या शाळेने "ती मुलगी नाही" अशी हरकत घेतली तर?

ॲथलेटिक्सच्या तांत्रिक नियमांत खेळाडूच्या पात्रतेबद्दलची हरकत स्पर्धा सुरू होण्याआधी तांत्रिक प्रतिनिधीकडे द्यायची असते. निकालावरच्या हरकतीसारखी ती निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ३० मिनिटांत देता येत नाही. स्पर्धेआधी निर्णय झाला नाही तर मुलीला 'हरकतीखाली' धावू द्यायचे आणि प्रकरण संघटनेकडे पाठवायचे. म्हणजे पंच तिला रेषेवरून उठवू शकत नाही. मुख्य पंचाने एवढा एक नियम पाठ ठेवला तरी निम्मी भांडणे टळतील.

प्रत्यक्षात घडते ते असे. शर्यत संपते, हरलेल्या बाजूचे कुणीतरी ओरडते, "हें चेडूं न्हय, चेडो!" (ही मुलगी नाही, मुलगा!), आणि मग एखाद्या मॅडमना सांगितले जाते, "हिला जरा आत नेऊन बघून घ्या." इथे ठाम थांबायचे. मैदानावर कुणीही, कुठल्याही पदावरचे, मुलीचे कपडे उतरवून बघू शकत नाही. १८ च्या आतल्या मुलीबाबत असे करणे पोक्सोखाली गुन्हा ठरू शकते, आणि गोव्यात त्याशिवाय २००३ चा गोवा बाल कायदा आहे. बघणारी बाई असली म्हणून ते चालत नाही. प्रशिक्षकाने शांतपणे म्हणावे, "हरकत लेखी द्या, जन्मदाखला इथे आहे," आणि मुलीला तिथून दूर न्यावे.

चाचणी कशी होते, आणि कुठे बिघडते?

एसआरवाय हे वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचे जनुक. पीसीआर पद्धतीने ते शोधतात. गालाचा नमुना द्यायच्या आधी अर्धा तास काही खाऊपिऊ नये, च्युइंगगमही नाही. काडी गालाच्या आतल्या बाजूला दाबून फिरवायची. नुसती लाळ आली तर पेशी कमी पडतात आणि "नमुना अपुरा" म्हणून परत बोलावणे येते. पीसीआर अतिशय संवेदनशील असते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. नमुना हाताळणारा तंत्रज्ञ पुरुष असेल आणि हातमोज्यांची शिस्त ढिली असेल तर त्याच्याच पेशी पॉझिटिव्ह दाखवू शकतात. म्हणून एकाच पॉझिटिव्हवर कधीच थांबायचे नाही. नवा नमुना, शक्यतो रक्ताचा, आणि जोडीला कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी.

कॅरिओटाइपचे रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपरिन असलेल्या नळीत घ्यायचे, २ ते ३ मिलिलिटर. त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंत ठेवून सुमारे ७२ तास वाढवाव्या लागतात. गडबडीत जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतले तर पेशी नीट वाढत नाहीत. ती नळी पीसीआरसाठी ठीक, याला नाही. नमुना गोव्याबाहेरच्या लॅबला जाणार असेल तर शनिवारी देऊ नये. रविवारभर कुरियरच्या गोदामात पडलेले रक्त मे महिन्याच्या उन्हात शिजते. बर्फात थेट ठेवले तरी पेशी मरतात. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे धरावेत.

आणखी एक शंका हमखास निघते: लिंगनिदानाला बंदी आहे ना? ती गर्भाच्या लिंगनिदानाला. जन्मलेल्या व्यक्तीची गुणसूत्रचाचणी त्यात येत नाही.

एसआरवाय पॉझिटिव्ह म्हणजे "पुरुष" का?

नाही. ते जनुक १९९० मध्ये शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच २०२५ मध्ये या वापरावर जाहीर टीका केली. त्यांचा मुद्दा साधा आहे: जनुक आहे की नाही एवढेच कळते, ते चालते का, वृषण घडले का, टेस्टोस्टेरॉन तयार झाले का, शरीराने ते वापरले का, यातले काहीच कळत नाही.

याचा अनुभव जुना आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची हीच चाचणी झाली. आठजणी पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे साधारण ४२३ मागे एक. सातजणींत अँड्रोजेन-असंवेदनशीलता होती, एकीत फाइव्ह-अल्फा-रिडक्टेजची कमतरता. आठही जणींना खेळू दिले. पुढे १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. म्हणजे २०२५ ची "नवी" चाचणी नवी नाहीच.

लॅबच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन ६८ आले आहे! मर्यादा तर २.५ होती ना?

२.५ ही मर्यादा २०२३ च्या नियमातली, जनुकचाचणीच्या आधीची. शिवाय दोन्ही आकडे वेगळ्या मापाचे आहेत. आपल्याकडच्या लॅब बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, संघटनेची मर्यादा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये होती. लॅबचा आकडा २८.८ ने भागायचा. ६८ भागिले २८.८ म्हणजे सुमारे २.३६. सत्तावीस पट वाटले ते प्रत्यक्षात मर्यादेच्या आतच आहे. उलट मोजले तर २.५ म्हणजे ७२, ५ म्हणजे १४४, आणि पुरुषांच्या पट्ट्याची खालची कड ७.७ म्हणजे २२२. रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असेल (०.६८ असे दिसेल) तर ३.४७ ने गुणायचे.

तरी ६८ हा आकडा तरी खरा का, हेही बघावे. नेहमीच्या लॅब इम्युनोअसे पद्धत वापरतात. ती पुरुषांच्या पातळीला ठीक, बायकांच्या कमी पातळीला फसवी. संघटना मास स्पेक्ट्रोमेट्रीचाच आकडा धरते. रिपोर्टच्या तळाशी पद्धत छापलेली असते, ती वाचावी. शिवाय केस गळतात म्हणून मुली बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही इम्युनोअसे यंत्रांत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त दिसते. दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवून, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, सराव न करता रक्त द्यावे. लॅबवाल्याला गोळीबद्दल सांगावे. तो विचारणार नाही.

पीसीओएस आहे. बंदी येईल का?

पात्रतेच्या नियमाने नाही. धोका दुसरीकडे आहे, आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. चेहऱ्यावरच्या केसांसाठी डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन देतात. हे औषध लघवी वाढवणाऱ्या गटात मोडते आणि डोपिंगच्या यादीत कायम बंदीचे आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. म्हणजे मुलगी जे घेते ते टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबायला, आणि पकडली जाते डोपिंगमध्ये. गोळी सुरू करण्याआधी नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा किंवा डॉक्टरांना पर्याय विचारावा. सीएएचसाठी तोंडाने घ्यायच्या हायड्रोकॉर्टिसोनलाही स्पर्धेच्या काळात अशीच सवलत लागते. ते औषध मात्र स्पर्धा आली म्हणून बंद करायचे नाही. त्यात जिवाला धोका आहे.

पंधरा वर्षे पूर्ण झाली, पाळी आली नाही. प्रशिक्षक म्हणतात, "पळणाऱ्या पोरींचं असंच असतं."

अर्धे खरे. पुरेसे न खाता रोज दहा-बारा किलोमीटर पळणाऱ्या मुलीची पाळी लांबते किंवा थांबते, आणि खेळाडूंमध्ये हेच कारण जास्त सापडते. पण पाळी एकदाही आली नसेल तर तपासणी हवीच. पंधराव्या वर्षानंतर थांबू नये. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठावे. पोटाची सोनोग्राफी, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रक्तचाचण्या, आणि गरज वाटली तर कॅरिओटाइप, असा क्रम असतो. लहानपणी दोन्ही बाजूंना हर्नियाचे ऑपरेशन झाले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुलीच्या हर्नियात कधी कधी वृषण असते आणि जुन्या कागदांत ते नोंदलेलेही सापडते.

ही तपासणी मुलीच्या प्रकृतीसाठी आहे, खेळासाठी नाही. क्रीडा शिक्षकाने तिचा निकाल मागू नये.

ऑपरेशन करून टाकले तर प्रश्न मिटेल?

असे सुचवणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे. ॲथलेटिक्सच्या कुठल्याही नियमाने शस्त्रक्रिया कधीच सक्तीची केलेली नव्हती. २०१३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. विकसनशील देशांतल्या ग्रामीण भागांतून आलेल्या, १८ ते २१ वयाच्या चार महिला खेळाडूंच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि वैद्यकीय गरज नसताना शिश्निकेचा भागही कापला गेला. मुली निरोगी होत्या. या विषयातला इतका अस्वस्थ करणारा कागद दुसरा नाही.

ग्रंथी काढल्या की शरीराला स्वतःचे हार्मोन राहत नाहीत. पुढे वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन घ्यावे लागते, चुकले तर हाडे ठिसूळ होतात. काही अवस्थांत ग्रंथीत कर्करोगाची शक्यता असते. तिथे काढण्याचा विचार होतो, पण तो निर्णय कर्करोगाच्या हिशेबाने घ्यायचा असतो, पदकाच्या नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आंतरलिंगी बाळांवर लिंग 'दुरुस्त' करणाऱ्या शस्त्रक्रियांना आळा घातला, त्यामागचा विचारही हाच: ज्याचे शरीर, त्याची संमती.

फायदा नक्की किती? विज्ञान ठाम आहे का?

पुरुष आणि स्त्रिया यांच्यातल्या फरकाबद्दल ठाम, डीएसडी असलेल्या खेळाडूंबद्दल तितके नाही. २०१७ चा एक अभ्यास या वादाच्या केंद्रस्थानी राहिला. २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांतल्या महिलांची तुलना करून त्यात दाखवले की टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या गटाची कामगिरी ४०० मीटरला २.७३ टक्के, ८०० ला १.७८, बांबूउडीत २.९४ आणि हातोडाफेकीत ४.५३ टक्के सरस होती. आता २०१८ चा नियम आठवा: हातोडा आणि बांबूउडी मोकळी सोडली, आणि ज्या १५०० मीटरमध्ये फरक दिसला नव्हता ती मात्र यादीत घातली. शिवाय बाहेरच्या संशोधकांना मूळ आकडेवारीत चुका सापडल्या. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापावी लागली: हा अभ्यास शोधक स्वरूपाचा होता, कार्यकारण सिद्ध करणारा नव्हता.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेच्या तपासणीवरून, वरच्या पातळीवरच्या महिला धावपटूंत एक्स-वाय डीएसडीचे प्रमाण हजारी सुमारे ७ निघाले, सामान्य लोकसंख्येच्या अंदाजे १४० पट. फायदा शून्य असता तर अंतिम फेऱ्यांच्या आसपास एवढी गर्दी झाली नसती. म्हणून फायदा नाहीच असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण आधी नियम करून मग पुरावा शोधायला निघालेल्यांशीही जमत नाही.

भारतीय खेळाडूंच्या बाबतीत काय घडले?

तामिळनाडूची शांती सौंदरराजन हिने डिसेंबर २००६ मध्ये दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्य जिंकले. चाचणीनंतर पदक काढून घेतले गेले, आणि बातमी जगभर झाली.

ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले. तिने औषध किंवा शस्त्रक्रिया नाकारली आणि स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाने नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. फायदा नेमका किती हे संघटनेला दाखवता आले नाही, हे त्यामागचे कारण. द्युती २०१६ ला रिओत धावली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यपदके घेऊन आली. शांती आणि द्युती यांच्यातल्या फरकात वकील, तज्ज्ञ आणि पाठीशी उभे राहिलेले लोक यांचा वाटा मोठा आहे.

याच्या आधीचे युरोपातले उदाहरणही माहीत असावे. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला विद्यापीठ स्पर्धेसाठी जाताना जुना 'स्त्री' दाखला घरी विसरली. पुन्हा चाचणी झाली, एक्स-वाय निघाले. तिचे शरीर टेस्टोस्टेरॉन वाचूच शकत नव्हते, तरी रिपोर्ट फुटला, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले. १९८८ मध्ये तिला परत घेतले.

सेमेन्याने केस जिंकली की हरली?

सेमेन्या म्हणजे दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरची ऑलिंपिक विजेती; तिने २०१८ च्या नियमाला आव्हान दिले. दोन्ही बाजूचे लोक निकाल आपापल्या सोयीने सांगतात. मे २०१९ मध्ये लवादाने २-१ अशा मताने तिचे म्हणणे फेटाळले. नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गटाच्या रक्षणासाठी आवश्यक आणि प्रमाणात आहे, असे त्याने लिहिले. २०२० मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १० जुलै २०२५ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने म्हटले की स्विस न्यायालयाने तिची बाजू पुरेशा कसोशीने तपासली नाही, म्हणून न्याय्य सुनावणीचा हक्क डावलला गेला. नियम रद्द झालेला नाही. ती ८०० मीटर सोडून २०२२ च्या युजीन जागतिक स्पर्धेत ५,००० मीटर धावली आणि प्राथमिक फेरीतच थांबली.

फुटबॉल, बॉक्सिंग यांना हेच लागू?

प्रत्येक आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम वेगळा. वर्ल्ड बॉक्सिंगने २०२५ मध्ये लिंगचाचणी सक्तीची केली. ऑलिंपिक समितीच्या २०२१ च्या चौकटीने निर्णय संघटनांवर सोडला होता आणि फायदा गृहीत धरू नये असे म्हटले होते. त्यानंतर वारे उलट वाहू लागले. कुठल्याही खेळात स्पर्धेच्या वर्षाचाच नियम वाचावा, गेल्या वर्षीचा पीडीएफ पुढे ढकलू नये.

रिपोर्ट कुणाला दाखवायचा, कुठे ठेवायचा?

मुलगी १८ च्या आत असेल तर संमती पालकांची लागते, पण तिला न सांगता चाचणी करू नये. ते पुढे कधीतरी तिला कळतेच, आणि बहुधा वाईट तऱ्हेने. निकाल आधी डॉक्टरांनी मुलीला आणि पालकांना समोर बसवून सांगावा. महासंघाने मागितला तर तो फक्त नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो. प्रशिक्षक, संघ व्यवस्थापक, शाळेचे कार्यालय यांना "पात्र" किंवा "या स्पर्धेला उपलब्ध नाही" एवढेच कळले तरी पुरते.

गोवा एवढासा. सकाळी फोंड्याच्या लॅबच्या काउंटरवर नाव पुकारले की संध्याकाळपर्यंत ते मुलीच्या वाड्यावर पोचलेले असते. म्हणून लॅबला आधीच सांगून ठेवावे: रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नको, बंद पाकिटात हातोहात द्या, चाचणीचे नाव मोठ्याने पुकारू नका. पैसे भरताना मिळालेल्या पावतीवरही चाचणीचे नाव छापलेले असते. ती शाळेच्या खर्चाच्या फाइलला जोडू नये. पाकिटावर मुलीचे नाव आणि 'फक्त डॉक्टरांसाठी' एवढेच लिहावे.